माणशी दोन बादल्या

मी तापट आहे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बँकेत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिलेल्या त्या दोघांनाही ते लगेच कळलं.

"वेळ संपत आलीय," मी मान वर न करता म्हटलं.

"पाच मिनिटं आहेत," त्यांच्यातला वयस्कर माणूस शांतपणे म्हणाला. "आमचं काम चार मिनिटांचं आहे."

मी मान वर केली. एक तिशीचा काटकुळा इंजिनिअर, चष्मा नाकावरून घसरलेला, हातात फायलींचा गठ्ठा. त्याच्या शेजारी पन्नाशी उलटलेले, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ. त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवरच, ठेवली. तांब्याचा पातळ पत्रा होता आणि त्याच्या मधोमध तांब्याचीच नळी जोडलेली. जोड कुठे आहे तो शोधूनही सापडत नव्हता.

"हा उन्हात ठेवायचा," ते म्हणाले. "नळीतून पाणी सोडायचं. पाणी तापतं. सरपण नाही, वीज नाही, रॉकेल नाही. झाली तीन मिनिटं."

सौर बंबाच्या धंद्यासाठी कर्ज हवं होतं. आज याला स्टार्टअप म्हणतात आणि पेपरात फोटो येतो. तेव्हा बँकेत याला 'नवा उद्योग' म्हणत आणि घरोघरी 'नसती उठाठेव' म्हणत.

त्यात काळ कसा? देशाचं सोनं परदेशात गहाण पडल्याच्या बातम्या नुकत्याच येऊन गेल्या होत्या. रुपया उतरला होता, व्याज चढलं होतं, आणि रुपया उतरला तसं तांबंही चढत होतं. उद्या काय होणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या वरच्या ऑफिसातून परिपत्रक आलेलं, की नव्या उद्योगांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. सरकारी भाषेत 'हात आखडता घ्यावा' म्हणजे हात खिशातून काढूच नये.

मी त्यांना फाईल आणि तो पत्रा ठेवून जायला सांगितलं. का सांगितलं, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या जोडामुळे. ते गेल्यावर मी त्यावरून तीनदा बोट फिरवलं, आणि नखाला कुठे काही लागलं नाही.

आमच्या मॅनेजरांनी फाईल बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, देशाचं सोनं गहाण पडलंय आणि तुम्ही उन्हावर कर्ज देताय?"

"ऊन गहाण पडलेलं नाही अजून," मी म्हटलं.

ते हसले, पण फाईल परत केली. म्हणाले, एवढंच असेल तर कारखाना बघून या.

कारखाना म्हणजे कसबा पेठेतल्या एका बोळातली दोन दुकानांची जागा. पूर्वी ते चाचांचं कल्हईचं दुकान. त्यांना सगळा बोळ चाचाच म्हणायचा, मीही म्हणायला लागले. त्यांच्या घराला कसब्यात चार पिढ्या झालेल्या, आणि बोलणंही कसब्यातलंच, मोजकं आणि तिरकं. घरोघरी स्टीलची भांडी आली तशी कल्हई संपली. तांब्याचे बंब, घंगाळी, हंडे लोक मोडीत काढायला लागले. इंजिनिअर त्यांच्याकडे एकदा एक नळी झाळून जोडून घ्यायला आला होता. तो बोलत बसला, चाचा ऐकत बसले, आणि महिन्याभरात चाचांनी भाता गुंडाळून माळ्यावर टाकला.

"दुकान याला दिलं, हात याला दिले," ते मला म्हणाले. "आता हे बुडालं तर याला नोकरी मिळेल. शिकलेला आहे. मला कोण कल्हईला बोलावतंय?"

इंजिनिअर मान खाली घालून पत्र्याला काळा रंग देत होता. त्याला हे ऐकवण्यासाठीच चाचा बोलले होते असं मला वाटलं नाही. जे होतं ते त्यांनी सांगितलं, इतकंच. पण माझ्या डोक्यात ते बसलं. या फायलीत कर्ज मागणाऱ्याचं नाव इंजिनिअरचं होतं, आणि बुडणार होते चाचा. दोन गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे तांब्यात गेले होते, आणि पुढचं तांबं आणायला हातात काही नव्हतं. दिवाळीनंतर कर्ज आलं नाही तर जागेचा पुढचा मालक ठरलेला होता. बोळाच्या तोंडाशी असलेल्या स्टीलच्या भांडीवाल्याला गोदाम हवंच होतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीला पाच जुने बंब ओळीनं उभे होते. मोडीत आलेले, कापून पत्रे काढायचे म्हणून ठेवलेले.

"हे का नाही कापले अजून?" मी विचारलं.

"कापू," चाचा म्हणाले आणि विषय बदलला.

आता बँकेला काय लागतं? बँकेला पुरावा लागतो. एखाद्या घरावर बसवलेला संच चालतो हे ठीक, पण मोठं काम दाखवा. नशिबानं त्यांनी एक मोठं काम नुकतंच पुरं केलं होतं, वारज्यात. वारजे तेव्हा म्हणजे शेतांमध्ये उभ्या राहिलेल्या चार इमारती आणि त्यांच्याकडे बघून हसणारे पुणेकर. त्यातल्या एका तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीनं गच्चीवर सौर बंब बसवून घेतला होता. बाराशे लिटरची टाकी. मी जाऊन बघितली. खरं की खोटं म्हणून नळाखाली हात धरला आणि "अगं आई गं!" करून ओरडले. खालून कुणीतरी विचारलं, "बँकेच्या बाई का?"

सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ते निवृत्त गणिताचे शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत, मला गार पाण्याचा पेला दिला. हातावर ओतायला की प्यायला ते सांगितलं नाही.

फाईल पुरी व्हायला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, टाकी बारा बिऱ्हाडांना पुरते याचा हिशेब, आणि तो मी तपासून सही करायचा. दुसरी, सोसायटीचं समाधानपत्र. मॅनेजर म्हणाले, दिवाळीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी प्रस्ताव वर जातील, त्यात हे बसलं तर बसलं. पुढची खेप कधी, कुणास ठाऊक.

हिशेब मी स्वतः केला, माझ्या शिस्तीनं. बारा घरांची रेशनकार्डं मागवली. त्यावरची नावं मोजली. एक्कावन्न भरली. माणशी एक बादली कढत पाणी, म्हणजे एक्कावन्न बादल्या. टाकीत साठ. वर नऊ बादल्या उरतात, त्यात भांडी घासा. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, एवढं काटेकोर तर मीही केलं नव्हतं." मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? सही ठोकली.

मास्तरांना पत्राचं विचारलं तर म्हणाले, "दिवाळी होऊ द्या."

"पाणी चांगलं आहे ना?"

"आहे."

"मग?"

"दिवाळी होऊ द्या म्हटलं ना."

मला राग आला, पण त्यांच्यापुढे गप्प बसले. गणिताच्या शिक्षकापुढे मी आजही गप्प बसते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी बँकेतून खडकीला घरी आले. आमचे हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. दारात चपलांचा ढीग. नणंद आली होती, तिचे मिस्टर, तीन मुलं, शिवाय तिची सासू. आत चकलीचा घाणा चालू. मागच्या मोरीत हे आमचा बंब चिंचेनं घासत बसले होते.

"उद्या पहाटे हा दोनदा भरावा लागेल," ते म्हणाले. "दोनदा कसला, चारदा. एकेकाला तेल, उटणं, डोक्यावरून अंघोळ. एका बादलीत तेल तरी निघतं का? रेशनकार्डावर आपण चार, आणि घरात दहा."

मी पदर खोचत होते ती तशीच थांबले.

रेशनकार्डावर चार, घरात दहा.

अहो! दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहिली अंघोळ. अख्ख्या पुण्यात एकही माणूस सूर्य उगवायच्या आत न्हाल्याशिवाय राहणार नाही, कारण नरकात जायला कुणीच तयार नसतं. एरवी वारज्यात कुणी सहाला न्हातो, कुणी नवाला, कुणी दुपारी, तोवर ऊन येऊन टाकी पुन्हा तापायला लागते. उद्या सगळे पाचला. सगळ्या माहेरवाशिणी आलेल्या, जावई आलेले, नातवंडं आलेली. आणि माणशी दोन बादल्या. मी हिंदू घरात जन्मले, वाढले, दरवर्षी न चुकता उटणं लावून घेतलं, आणि माणसं मोजली रेशनकार्डावरून!

मास्तर 'दिवाळी होऊ द्या' का म्हणाले ते आत्ता कळलं.

"अहो, स्कूटर काढा," मी म्हटलं.

"आत्ता? चकल्या—"

"काढा म्हटलं ना!"

यांनी ओले हात लेंग्याला पुसले आणि स्कूटर काढली. लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. माझ्या कुठल्या आवाजाला वाद घालायचा आणि कुठल्या नाही, हे त्यांना बरोबर कळायचं.

कसब्यातल्या दुकानात दोघं होते. इंजिनिअर ऐकून मटकन स्टुलावर बसला. त्यानं बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं, मग पुन्हा बोटांवर मोजलं. मग चष्मा वर सरकवून म्हणाला, "मॅडम, आत्ता सात वाजलेत. आत्ताच वारज्याला जाऊ. आज पाणी चांगलंय, आज सगळे खूश आहेत. पत्र आजच घेऊ. आजच्या तारखेचं. त्यात खोटं काहीच नाही."

खरं सांगते, मला त्यात काहीच चूक दिसली नाही. तारीख आजची, मजकूर आजचा, सही आजची. बँकेच्या कुठल्याही नियमात ते बसलं असतं. शिवाय चूक माझी होती, आणि ती कायमची झाकली गेली असती. मी उठलेसुद्धा.

चाचा उठले नाहीत. ते पक्कड फडक्यानं पुसत होते.

"कल्हईला भांडं आलं," ते म्हणाले, "की आधी दिव्यापुढे धरायचं. भोक असलं तर गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवायचं. इथे भोक आहे, झाळायचे एवढे पडतील, नको असेल तर घेऊन जा. भोकावर नुसती कल्हई केली तर चकचकीत दिसतं. गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. माझ्या वडिलांनी तसं कधी केलं नाही, मीपण नाही."

"चाचा, पण पत्र नाही मिळालं तर तुमचं—" इंजिनिअर अडखळला.

"माझं काय होईल ते मला माहीत आहे. तू नको सांगूस." आवाज चढला नव्हता, पण पक्कड जरा जोरात खाली ठेवली गेली. "वारज्याला जायचं ते पत्र मागायला नाही. भोक दाखवायला."

मला लाज वाटली. साठ लाखांच्या फायली तपासणारी मी बाई, आणि मला दिवा कुठे धरायचा ते कल्हईवाल्यानं सांगितलं.

दोन स्कूटरवरून चौघं वारज्याला गेलो. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा घरातून शेवेचा वास येत होता.

"ही काय यायची वेळ आहे? फराळ अजून तयार नाही."

मी एका दमात सगळं सांगितलं. रेशनकार्डं, एक्कावन्न, साठ बादल्या, चूक माझी, उद्या पाणी पुरणार नाही. चाचा बाजूला उभे राहून फक्त मान हलवत होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं. आम्हाला आत्ता कळलं. म्हणून आत्ता सांगतोय."

मास्तरांनी दार पूर्ण उघडलं.

"माझ्या घराचा गवंडी, सुतार, रंगारी, नळवाला," ते म्हणाले, "सगळे झाल्यावर सांगायला आले. आदल्या दिवशी आलेले तुम्ही पहिले. आत या."

आत त्यांनी शाळेची वही काढली. घरोघर त्यांच्या मुलीला पाठवून माणसं मोजून आणली. रेशनकार्डावरची नाहीत, चपलांवरची. शहाऐंशी.

"माणशी दोन बादल्या होणार नाहीत. एक," मास्तर म्हणाले. "शहाऐंशी. टाकीत साठ. कमी सव्वीस. गॅसवर पातेली चढवता येतील, पण ऐन सणात सिलिंडर संपला तर बायका मला सोडणार नाहीत."

"माझ्याकडे पाच बंब आहेत," चाचा म्हणाले. "चांगले. पाणी गळत नाही. मी बघून ठेवलेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणूनच कापवत नव्हते."

"एकात दोन बादल्या. पाचांत दहा. पहाटे दोनदा भरले तर वीस. साठ आणि वीस ऐंशी." मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "सहा जणांना गार पाणी. त्यातला एक मी. उरलेले पाच शोधतो."

मग त्यांनी जिन्यात लावायची पाटी लिहिली. ती मला शब्दन्‌शब्द आठवते, कारण ती लावताना मीच दोरा धरला होता. 'उद्या सौर पाणी माणशी एकच बादली. कमतरता कंपनीने आदल्या दिवशी कळवली आहे, तेव्हा ओरडू नये. तळमजला साडेचार, पहिला मजला पाच, दुसरा मजला साडेपाच. बंबाचे पाणी अंगणात मिळेल. दुसरी बादली हवी असल्यास सूर्योदयानंतर सूर्याकडे मागावी.'

पहाटे मी घरच्या सगळ्यांच्या आधी न्हाले, नणंदेच्या हातात तेलाची वाटी दिली, आणि ओल्या केसांवर स्कार्फ बांधून यांच्या मागे स्कूटरवर बसले. थंडी अशी की दात वाजत होते. वारज्यात पोचलो तर अंगणात पाच बंब ओळीनं पेटलेले. चाचा कानटोपी घालून एकात बंबफोडीची लाकडं टाकत होते, दुसऱ्याची राख काढत होते. त्यांच्या घरी कसली दिवाळी? पण त्या पहाटे सगळ्यांत जास्त काम त्यांनीच केलं. एका आजीबाईंनी त्यांच्या हातात लाडू दिला आणि बजावलं, "आधी खा, मग लाकडं."

पोरांनी कारिटं फोडली, पणत्या लागल्या, फटाके सुरू झाले. तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, काय कढत आहे पाणी, पाठ सोलून निघाली!" इंजिनिअर गच्चीत टाकीपाशी हात लावून उभा होता. दर दहा मिनिटांनी खाली वाकून सांगायचा, अर्धी आहे, अर्ध्याच्या खाली आहे. साडेपाचनंतर दुसऱ्या मजल्यावर पाणी कोमट झालं. एका जावईबापूंचा आवाज चढला. लगेच त्यांच्या सासूबाईंचा आवाज त्यांच्यावर चढला, "पाटी वाचली नाहीत का? इंजिनिअर आहात ना?" बायका कळशा घेऊन अंगणात उतरल्या. कुणी बंबाजवळ शेकत उभ्या राहिल्या. एकीनं चाचांना विचारलं, "आमच्या आईकडे असाच बंब होता. मोडीत दिला. असा मिळेल का परत?"

सहाच्या सुमारास बंबही रिकामे झाले. गार पाण्याला पाच जण सापडले होते, सगळी कॉलेजातली पोरं, पैजेवर, आणि वर हौसेनं आमचे हे. मी नको नको म्हणत असताना ते मास्तरांच्या मोरीत शिरले आणि बाहेर येताना 'हर हर महादेव' अशी बोंब ठोकत आले. सगळ्यांत शेवटी मास्तर. त्यांच्या मोरीतून आवाजच आला नाही. बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते आणि भांग पाडलेला.

"पत्राचं काय?" इंजिनिअरनं भीत भीत विचारलं.

"आधी फराळ," मास्तर म्हणाले.

फराळ झाल्यावर त्यांनी पत्र लिहिलं, घडी घातली, पाकिटात घालून चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. चाचा माझ्याकडे बघत होते. पाकीट बँकेच्या नावानं होतं, मला तिथे फोडता येईना. सणाची सुट्टी संपेपर्यंत ते पाकीट आमच्या देवघरात पडून होतं, आणि मला लक्ष्मीपूजनात लक्ष्मी दिसत नव्हती, पाकीट दिसत होतं.

बँक उघडली त्या दिवशी मॅनेजरांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्यापुढे टाकलं.

'संचातील पाणी कढत होते. पुरले नाही. पुरणार नाही हे त्यांनी आदल्या संध्याकाळी घरी येऊन सांगितले व पहाटे स्वतः येऊन बंब पेटवले. मी गार पाण्याने अंघोळ केली. तक्रार नाही. पुढील वर्षी दुसरी टाकी यांच्याकडूनच घेणार आहोत.'

"हे जोडणार तुम्ही?" मॅनेजर म्हणाले. "पुरले नाही असं स्वच्छ लिहिलंय, बाई! दुसरं मागवा. गोडसं."

"जोडणार," मी म्हटलं. आणि वर माझी टिपणी लावली, की माणसं रेशनकार्डावरून मोजली ही चूक माझी आहे, अर्जदारांची नाही. खाली पूर्ण नावाची सही केली. बढती जवळ आली होती.

आठवड्यानं वरच्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर फायलींचा डोंगर, बहुतेकांवर लाल शेरे. आमची फाईल त्यांच्या हातात.

"हे मास्तर खरंच गार पाण्यानं न्हाले?"

"हो साहेब. मी तिथेच होते. आमचे हेपण न्हाले."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "माझ्याकडे रोज समाधानपत्रं येतात. सगळे समाधानी, आणि वर्षानं कर्ज बुडीत. दिवस वाईट आहेत बाई, कोण टिकेल ते मला कागदावरून कळत नाही." त्यांनी मास्तरांच्या पत्रावर बोट ठेवलं. "आदल्या दिवशी सांगायला येणारा माणूस कर्ज बुडवायच्या आदल्या दिवशीपण सांगायला येईल. निम्मं आत्ता द्या, निम्मं सहा महिन्यांनी."

मी बाहेर पडले ती रिक्षा करून थेट कसब्यात. एरवी मी रिक्षा करत नाही. दुकानात मंजुरी वाचून दाखवली. इंजिनिअर रडायला लागला. चाचांनी मास्तरांचं पत्र काय होतं ते विचारलं. माझ्याकडे नक्कल होती, मी वाचलं. ते म्हणाले, "ते आदल्या संध्याकाळचं पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "आणखी एकदा," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मीही रडले. तापट माणसं लवकर रडतात.

मग डोळे पुसून ते इंजिनिअरला म्हणाले, "आता गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल हाच टाकायचा. रेशनकार्ड नको. दिवाळीला घरात माणसं किती?"

पाच बंबांपैकी चार तसेच राहिले, चाचा गेले तोपर्यंत. पाचवा त्या पहाटे विचारणाऱ्या बाईंनी विकत नेला.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कारखाना शहराबाहेर मोठ्या शेडमध्ये गेला. इंजिनिअरचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. त्यानंतरही वाईट दिवस येऊन गेले, मंदी आली, साथ आली, त्यात कितीतरी नवे उद्योग उठले आणि झोपले. हा टिकला. मी आणि हे निवृत्तीनंतर वारज्यातच राहायला आलो. आता वारज्यावर कुणी हसत नाही, तिथे जागा मिळत नाही म्हणून रडतात.

मागच्या महिन्यात आमच्या गच्चीवर नवा संच बसवायचा म्हणून त्याच कारखान्यातून एक मुलगी आली. इंजिनिअर होती, खांद्याला बॅग, हातात मोबाईल, त्यावर फॉर्म. पत्ता, गच्चीची दिशा, टाकीची जागा, सगळं पटापट विचारत गेली. मग जरा हसून म्हणाली, "मॅडम, आता एक फनी क्वेश्चन आहे हां. दिवाळीला घरात माणसं किती असतात?"

मी चष्मा काढून पुसला.

"हे कशाला विचारतेस गं?"

"माहीत नाही. फॉर्ममध्ये पहिल्यापासून आहे. सगळे हसतात, पण सर म्हणतात काढायचा नाही."

आतून यांचा आवाज आला, "सांग दोघं! आपण दोघंच तर आहोत!"

मी बोटांवर मोजायला लागले. नणंद, तिची तिन्ही मुलं, दोन सुना, जावई, नातवंडं. आमचा मुलगा, सून. मास्तरांची मुलगी, ती दरवर्षी पहाटे फराळाला येते आणि आमच्याकडेच न्हाते.

"सोळा लिही," मी म्हटलं. "आणि माणशी दोन बादल्या धर."